चालत्या घरात फ्री डिश: कॅम्परव्हॅनसाठी छत्री बसवण्याच्या नोंदी

गाडी लांब चासीची टेम्पो ट्रॅव्हलर, आतून कॅम्पर केलेली. आत १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम फॉस्फेट बॅटरी आणि छतावर सोलर आधीच आहे. काम असे ठरले: गाडी कुठेही उभी केली की पंधरा मिनिटांत सह्याद्री, डीडी न्यूज आणि फ्री डिशवरच्या बाकी वाहिन्या दिसाव्यात, तेही मोबाइलच्या रेंजवर अवलंबून न राहता. कोकणातल्या खाड्या, मेळघाट, भंडारदऱ्याच्या बाजूची गावे इथे रेंज येते-जाते. उपग्रहाचे तसे नसते. काम पिंपरी-चिंचवडजवळच्या शेडमध्ये केले, म्हणून जिथे वेगळे सांगितलेले नाही तिथले सगळे कोन पुण्याचे आहेत.

४ ऑक्टोबर: निवड आणि सामान

पैसे भरून घ्यायच्या डीटीएचची जोडणी घराच्या पत्त्यावर असते, आणि गाडी दोन महिने उभी राहिली की रिचार्ज संपून वाहिन्या बंद होतात. कॅम्परला ते परवडत नाही. डीडी फ्री डिशला महिन्याचे पैसे नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा आता जीसॅट-१५ या उपग्रहावरून, म्हणजे ९३.५ अंश पूर्वेवरून मिळते. फिरत्या गाडीसाठी तिचा मोठा गुण म्हणजे बीम, म्हणजे उपग्रहाच्या लहरींचा झोत, अख्ख्या देशावर आहे. अमेरिकेत आरव्ही (अशीच राहती गाडी) घेऊन फिरणाऱ्यांच्या स्थानिक वाहिन्या त्या त्या शहराच्या स्पॉट बीममधून येतात, बीमबाहेर गेले की जातात. इथे मालवणला दिसणारी सह्याद्री लेहलाही दिसते. बदलतात ते फक्त कोन.

आणलेले सामान: ६० सेंटिमीटरची ऑफसेट छत्री, एलएनबी (छत्रीच्या समोर बसणारा, लहरी पकडणारा भाग) आणि क्लॅम्प मिळून ७५० रुपये. एमपेग-४ बॉक्स ११५०. आरजी-६ केबल १५ मीटर, ३००. एफ-कनेक्टर आणि रबरी टोप्या १५०. सिग्नल शोधायचा काटेवाला फाइंडर ३५०. डिजिटल इनक्लिनोमीटर, ज्याला सुतार आणि फॅब्रिकेटर अँगल मीटर म्हणतात, ७००. टीव्ही २४ इंची, थेट १२ व्होल्टवर चालणारा, ७८००.

बॉक्स घेताना दोन गोष्टी नीट बघा. एक, तो एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) आहे का. जुने एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतात, पण त्यांवर बऱ्याच वाहिन्या दिसत नाहीत. दोन, त्याचा अडॅप्टर वेगळा असून त्यावर १२ व्होल्ट डीसी लिहिले आहे का. ज्या बॉक्सला थेट २३० व्होल्टची वायर जाते तो गाडीच्या कामाचा नाही.

६ ऑक्टोबर: छतावर बसवून पाहिले, सोडून दिले

छताला भोक पाडायचे नव्हते. गाडीच्या छताचे भोक कितीही सिलिकॉन भरले तरी एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात गळतेच. म्हणून रबर लावलेले चार लोहचुंबक (१२०० रुपये) आणि त्यांवर पट्टी टाकून छत्री उभी केली. चुंबकांची पकड उत्तम निघाली. छत्री हलली नाही, गाडी हलली.

मागच्या दारातून एक माणूस आत चढला की पाट्यांवरची बॉडी ०.७ अंशाने कलते. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचा बीम, म्हणजे ती आकाशाचा जेवढा तुकडा बघते तो, साधारण ३ अंश रुंद असतो, म्हणजे नेमक्या मध्यापासून कोणत्याही बाजूला दीड अंश सरकले की सिग्नल निम्म्यावर येतो. नेम आधीच अर्धा-पाऊण अंश चुकलेला असेल तर आत कुणी चहा करायला उठले तरी चित्र फुटते. कोपऱ्यांना जॅक लावून हे थांबवता येते, पण दर मुक्कामी चार जॅक लावणे हेच मोठे काम होऊन बसते.

त्याहून मोठी अडचण सावलीची. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे गाडी झाडाखालीच उभी करतात, आणि छतावरच्या छत्रीला झाडाखाली काहीही मिळत नाही. गाडी सावलीत आणि छत्री उन्हात हवी असेल तर दोघांना वेगळे करावे लागते. छताचा विचार इथेच संपवला. चुंबकांचे पैसे वाया गेले.

९ ऑक्टोबर: तिपाई

मंडपवाले स्पीकरला वापरतात तो लोखंडी स्टँड घेतला, १७०० रुपये. ॲल्युमिनियमचा हलका मिळतो, पण इथे वजनच कामाला येते. स्टँडच्या वरच्या नळीचा बाहेरचा व्यास ३५ मिलिमीटर, आणि छत्रीचा क्लॅम्प ४० च्या आसपासच्या पाइपसाठी केलेला. नुसता आवळला तर तो धरल्यासारखा वाटतो आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला फिरतो. रबराची पट्टी गुंडाळून पाहिली. उन्हात रबर मऊ पडले आणि पुन्हा तेच.

इलाज सोपा निघाला. सव्वा इंची मीडियम क्लासच्या जीआय पाइपचा आतला व्यास ३६ आणि बाहेरचा ४२ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याचा ३० सेंटिमीटरचा तुकडा ३५ च्या नळीवर टोपीसारखा बसतो. वरचे तोंड पत्रा वेल्ड करून बंद केले, बाजूने दोन ८ मिलिमीटरचे नट वेल्ड करून त्यांतून बोल्ट आवळले. पाइप आणि वेल्डिंग मिळून ३५० रुपये. क्लॅम्प आता जीआय पाइपवर पक्का बसतो. बोल्ट सैल केले की छत्रीसकट पूर्ण तुकडा उचलून निघतो. क्लॅम्पला, म्हणजे उंचीच्या कोनाला, हात लावावा लागत नाही.

दांडा ओळंब्यात असणे फार महत्त्वाचे आहे. तो सरळ उभा असेल तरच छत्री डावी-उजवीकडे फिरवताना उंचीचा कोन तोच राहतो. दांडा दोन अंश कललेला असेल तर दिशा शोधता शोधता उंची आपोआप बदलत जाते आणि उपग्रह कधीच सापडत नाही. अँगल मीटर दांड्याला दोन बाजूंनी, काटकोनात लावून पाहायचा आणि पायांखाली चपटे दगड किंवा प्लायचे तुकडे सरकवायचे. मधल्या सांध्याला २० लिटरचा पाण्याचा कॅन टांगला की तिपाई जागची हलत नाही.

१३ ऑक्टोबर: पहिले लॉक

पुण्यासाठी आकडे: दिशा उत्तरेकडून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १३१.७ अंश, म्हणजे जवळपास आग्नेय, उंची ५८.७ अंश.

या दोन आकड्यांना सारखे महत्त्व नाही, आणि सगळा वेळ इथेच वाया जातो. उपग्रह इतका उंच असल्यामुळे छत्री दांड्याभोवती एक अंश फिरवली तर आकाशात नेम जेमतेम अर्धा अंश सरकतो. उंचीचा एक अंश मात्र पूर्ण एक अंश असतो. तेव्हा होकायंत्र चार अंश चुकले तरी चालते, उंची दीड अंश चुकलेली चालत नाही. बहुतेक जण याच्या उलट करतात: होकायंत्रावर वेळ घालवतात आणि उंची क्लॅम्पवर छापलेल्या खुणांवर सोडतात. त्या खुणा स्वस्त छत्र्यांवर दोन-तीन अंश इकडेतिकडे असतात.

उंची मोजायची पद्धत अशी. ऑफसेट छत्री दिसते त्यापेक्षा जास्त वर बघत असते. तिचा ऑफसेट, म्हणजे हा फरक, साधारण २४ ते २६ अंश. छत्रीच्या वरच्या आणि खालच्या काठांवर सरळ पट्टी ठेवून तिच्यावर अँगल मीटर लावला तर छत्री उभ्या रेषेपासून किती मागे कलली आहे ते कळते. त्यात ऑफसेट मिळवला की खरी उंची. ऑफसेट २५ धरला तर पुण्यात छत्री ३३.७ अंश मागे कलायला हवी. आमच्या छत्रीला सर्वांत चांगला सिग्नल ३४.५ वर मिळाला, म्हणजे हिचा ऑफसेट २४.२. हा आकडा छत्रीच्या मागे ऑइल पेंटने लिहिला. एकदा घरी असा आकडा काढून ठेवला की पुढे कुठल्याही गावी उंची नेमकी लावता येते.

दिशेसाठी होकायंत्र गाडीपासून आणि तिपाईपासून किमान चार मीटर लांब उभे राहून बघा. तिपाईच्या शेजारी धरलेल्या मोबाइलच्या होकायंत्रात वीस अंशांची चूक सहज दिसली. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे दुरुस्तीची गरज नाही. लांबून समोरची एखादी खूण, विजेचा खांब किंवा घराचा कोपरा, दिशेवर धरायची आणि छत्री त्या खुणेकडे वळवायची.

गावात असाल तर आजूबाजूच्या घरांवरच्या छत्र्या बघण्याचा मोह होतो. उपयोग होतो, पण कुणाची छत्री आहे ते ओळखून. पुण्यातून टाटा प्लेची छत्री (८३ अंश पूर्व) वीसेक अंश जास्त दक्षिणेकडे असते, एअरटेलची (१०८.२) सतराएक अंश जास्त पूर्वेकडे. डिश टीव्हीची (९५) मात्र जवळपास आपल्याच दिशेला असते.

हे शेवटचे वरदानही आहे आणि सापळाही. ९५ अंशांवरचा उपग्रह पुण्यातून फक्त सव्वादोन अंश पूर्वेला आणि सव्वा अंश खाली आहे. काटेवाला फाइंडर कोणत्याही उपग्रहाला बीप देतो, आणि शेजारच्यावर बीप मिळाल्यावर माणूस तिथेच घट्ट आवळतो. मग बॉक्समध्ये काहीच सापडत नाही आणि दोष एलएनबीवर जातो. यात एक पूर्ण दुपार गेली. फाइंडर काढून ठेवला. तो फक्त «आकाशाच्या या भागात काहीतरी आहे» एवढेच सांगतो. ३५० रुपये वाचवायचे असतील तर इथे वाचवा.

खरी ओळख बॉक्सच देतो. इन्स्टॉलेशन मेनूत एलएनबी युनिव्हर्सल ९७५०/१०६००, डायसेक बंद, २२ किलोहर्ट्झ ऑटो. ट्रान्सपाँडर ११०९०, व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५००. टीव्ही गाडीच्या दारात छत्रीवरून दिसेल असा ठेवायचा. पडद्यावर स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी अशा दोन पट्ट्या दिसतात. स्ट्रेंग्थकडे बघू नका. ती छत्री जमिनीकडे वळवली तरी साठ-सत्तर दाखवते, कारण तो बराचसा एलएनबीचा स्वतःचा गोंगाट असतो. क्वालिटी शून्यावरून उठली तरच उपग्रह सापडला.

छत्री सावकाश फिरवणे म्हणजे किती सावकाश, तर एक अंश सरकवा, हात काढा, तीन सेकंद थांबा. बॉक्सला लॉक व्हायला, म्हणजे सिग्नल पकडायला, तेवढा वेळ लागतो. सलग फिरवत राहिले तर उपग्रहावरून दोनदा जाऊनही पट्टी हलत नाही. क्वालिटी दिसल्यावर ती जिथे डावीकडे नाहीशी होते आणि जिथे उजवीकडे नाहीशी होते त्या दोन्ही जागी दांड्यावर खडूने खूण करायची आणि बरोबर मध्ये थांबायचे. उंचीचेही तसेच. नजरेने सर्वांत मोठा आकडा पकडण्यापेक्षा ही पद्धत पक्की, कारण शिखराजवळ पट्टी जवळपास सपाट असते. मग सर्च करा आणि यादीत दूरदर्शनच्या वाहिन्या आल्या आहेत ना ते बघा.

आज क्वालिटी ३८ वर अडकली. चित्र येते, दर मिनिटाला फुटते.

१४ ऑक्टोबर: एलएनबीचा पीळ

३८ चे कारण एलएनबीच्या फिरवण्यात होते. एलएनबी होल्डरमध्ये कनेक्टर सरळ खाली ठेवून बसवलेली होती. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला असता तर ते योग्य ठरले असते. तो पूर्वेला बराच सरकलेला असल्यामुळे त्याच्या उभ्या लहरी आपल्याकडे तिरप्या पोहोचतात, आणि पुण्यात हा तिरपेपणा ४५ अंशांचा आहे. ४५ म्हणजे सर्वांत वाईट आकडा: एलएनबी सरळ ठेवली तर तिला उभ्या आणि आडव्या दोन्ही लहरी सारख्याच प्रमाणात ऐकू येतात. काल थोडे तरी चित्र आले ते होल्डर मुळातच थोडा वाकडा होता म्हणून.

फिरवायचे कसे: छत्रीच्या समोर, तिच्याकडे तोंड करून उभे राहा. कनेक्टर घड्याळातल्या सहाच्या जागी आहे असे धरा आणि तो साडेसातच्या जागी न्या. छत्रीच्या मागून बघत असाल तर तोच कनेक्टर साडेचारला दिसेल. समोरून आणि मागून यात घोळ झाला की चूक ९० अंशांची होते आणि क्वालिटी पूर्ण शून्य राहते. होल्डरचा स्क्रू सैल करून दोन-दोन अंशांनी पुढेमागे करत ३८ ची ७२ झाली. छत्री तसूभरही हलवली नव्हती.

होल्डरवर कायमच्या खुणा केल्या, कारण हा पीळ गावागणिक बदलतो आणि दिशा-उंचीपेक्षा जास्त बदलतो. काढलेले आकडे, क्रमाने दिशा, उंची, पीळ: नाशिक १३४, ५७.५, ४३. पणजी १२७, ६१, ५०.५. मालवण १२७, ६०, ५०. नागपूर १४४.५, ६०, ३३. उत्तरेला जाणाऱ्यांसाठी मनाली १५१, ४८.५, २४ आणि लेह १५३, ४७, २२. पीळ सगळीकडे त्याच बाजूचा, म्हणजे समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. यावरून सुरुवात करायची. शेवटचे दोन-तीन अंश क्वालिटी बघूनच लावायचे.

१९ ऑक्टोबर: केबल आत नेणे

खिडकीच्या फटीतून केबल आत घेऊन काच सरकवली तर आरजी-६ चपटी होते. दोनदा उघडझाप झाल्यावर क्वालिटी ७२ वरून ५५ आली. केबल कापून पाहिली तेव्हा आतला पांढरा फोम दबून मधली तार एका बाजूला सरकलेली होती. ती जागा पुन्हा गोल करता येत नाही, तेवढा तुकडा टाकूनच द्यावा लागतो.

गाडीच्या बाजूच्या पत्र्यात, बाहेरच्या दिव्याच्या सॉकेटशेजारी झाकणाची छोटी पेटी बसवली आणि तिच्यात दोन्ही बाजूंनी एफ-कनेक्टर घेणारा जोड लावला, १८० रुपये. बाहेरून छत्रीची केबल तिथे येते, आतून दीड मीटरची वेगळी केबल बॉक्सकडे जाते. बाहेरच्या केबलला पेटीच्या खाली एक झोळ दिला की पावसाचे पाणी झोळावरूनच टपकते, पेटीत जात नाही. छताच्या भोकाबद्दल जे म्हटले ते इथे लागू नाही. बाजूचे, झाकणाखालचे भोक सांभाळता येते.

एफ-कनेक्टर लावताना जाळीचा एकही तंतू मधल्या तारेला लागता कामा नये. लागला तर बॉक्स शॉर्ट दाखवतो किंवा नुसता बंद-चालू होत राहतो, आणि वारंवार झाले तर एलएनबीला वीज देणारा भाग जळतो. जोडणी करताना बॉक्सची वीज आधी काढा. बॉक्स त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो.

लांबीची काळजी नको. १५ मीटरला सिग्नल चारएक डेसिबल घटतो, एलएनबी त्याआधी तो पन्नासच्या वर वाढवून देते.

२३ ऑक्टोबर: वीज

इन्व्हर्टरवरून टीव्ही आणि बॉक्स दोघांचे अडॅप्टर चालवले तर बॅटरीतून ४.४ अँपिअर जातात. दोन्ही थेट १२ व्होल्टवर चालवले तर २.८. चार तासांत हा फरक सहा अँपिअर-तासांहून जास्त होतो, आणि इन्व्हर्टरच्या पंख्याचा आवाज वाचतो तो वेगळा. थेटच चालवायचे ठरले.

मग बॉक्स मधूनच रीस्टार्ट होऊ लागला. वेळ अनियमित वाटत होती, पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होण्याशी ती जुळली. सॉकेटवर मीटर लावला: १३.१ व्होल्ट, कॉम्प्रेसर लागताच क्षणभर १०.२. बॅटरी भरलेली होती, दोष वायरचा. फ्रिज आणि टीव्हीचे सॉकेट एकाच १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरवर, बॅटरीपासून सहा मीटर लांब. जाणे-येणे धरून बारा मीटर तारेचा रोध ०.१४५ ओहम भरतो, आणि कॉम्प्रेसर सुरुवातीला जो वीस अँपिअरच्या घरातला झटका ओढतो तो तिथेच जवळपास तीन व्होल्ट खातो.

फ्यूज-पेटीपासून टीव्हीसाठी वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली (घरातली शिल्लक होती), ५ अँपिअरचा फ्यूज दिला, आणि टोकाला ९ ते ३६ व्होल्ट घेऊन स्थिर १२ व्होल्ट देणारा ५ अँपिअरचा कन्व्हर्टर बसवला, ९५०. कन्व्हर्टर फक्त पडत्या व्होल्टेजसाठी नाही. गाडी चालू असताना किंवा दुपारी सोलर भरात असताना बॅटरीवर १४.४ पर्यंत व्होल्टेज चढते, आणि १२ व्होल्टचा टीव्ही त्यावर वर्षानुवर्षे टिकेल याची कुणी हमी देत नाही. विकत घेताना तो कमी व्होल्टेज वाढवणारा आणि जास्त व्होल्टेज उतरवणारा, दोन्ही प्रकारचा आहे ना ते विचारून घ्या. नुसते उतरवणारे स्वस्त मिळतात आणि इथे अर्धेच काम करतात.

२६ ऑक्टोबर: तारकर्ली

पुण्याहून उंची दीड अंश वाढवली, पीळ पाच अंश वाढवला, दिशा १२७. गाडी माडांखाली, छत्री उघड्यावर. तिपाई सरळ करण्यापासून चित्र येईपर्यंत अकरा मिनिटे.

उंची ६० अंश असल्याचा फायदा इथे दिसतो. अडथळ्याच्या वरून बघायला त्याच्या उंचीच्या सहा-दशांशापेक्षा थोडे कमी अंतर पुरते: पंधरा मीटरच्या माडापासून आठ-नऊ मीटर मागे सरकले की आभाळ मोकळे. सह्याद्रीच्या कुशीतही डोंगराची भीती नाही, ५८ अंशांपर्यंत चढणारा कडा मुक्कामाच्या जागी सहसा नसतो. अडवतात ती झाडेच. माडाच्या झावळीची नुसती टोके बीममध्ये येत असतील तर चित्र वाऱ्याच्या तालावर फुटते, आणि दोष केबलचा वाटतो. वारा पडल्यावर चित्र नीट होत असेल तर केबल तपासू नका, तिपाई दोन मीटर हलवा. मनाली-लेहला हे गणित बदलते. तिथे झाडाच्या उंचीएवढेच अंतर लागते.

वाळूत तंबूचे खिळे धरत नाहीत. तीन पायांना तीन दोऱ्या बांधून त्यांच्या टोकांना वाळू भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अर्ध्या पुरल्या. समुद्राकडून आलेल्या वाऱ्यातही छत्री हलली नाही.

२७ ऑक्टोबर: पाऊस

संध्याकाळी जोराची सर. क्वालिटी ७२ वरून ४० च्या खाली आली आणि चित्र गोठले. केयू बँडला, म्हणजे या उपग्रहाच्या लहरींच्या पट्ट्याला, पावसाचे वावडे आहे, आणि डिजिटलमध्ये चित्र हळूहळू बिघडत नाही, एका पातळीखाली गेले की जातेच. सर ओसरल्यावर काही मिनिटांत परत आले. अशा वेळी छत्रीला हात लावू नये. पावसात नेम हलवला तर पाऊस थांबल्यावर मूळ जागा पुन्हा शोधावी लागते.

९० सेंटिमीटरची छत्री घेतली तर साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. पण बीम दोन अंशांवर येतो, म्हणजे दर मुक्कामी नेम जास्त काटेकोर हवा. वारा सव्वादोन पट क्षेत्रावर बसतो. आणि गाडीत ती ठेवायची कुठे हा प्रश्न उरतो. दर दोन दिवसांनी जागा बदलणाऱ्याला ६० योग्य. पावसाळाभर एकाच जागी गाडी लावणाऱ्याने ९० घ्यावी.

पाऊस गेल्यावरही क्वालिटी ६४ च्या वर जाईना. एलएनबीच्या कनेक्टरवरची रबरी टोपी नीट ओढलेली नव्हती, आत पाणी. कनेक्टर कापून नवा लावला, टोपीवरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली. खाऱ्या हवेत हे पहिल्या दिवशीच करायला हवे. हिरवी पडलेली जाळी पुढे दोन-दोन मीटर आत सडत जाते.

७ डिसेंबर: नागपूर

दिशा आणि उंची लावल्यावर क्वालिटी ५१ पर्यंतच आली. पीळ पुण्याच्या खुणेवरच राहिला होता, ४५ वर. इथे ३३ हवा. बारा अंशांच्या चुकीने चित्र येते, म्हणून माणूस तिथेच थांबतो, आणि मग पहाटेच्या दवानेही ते जाते. ३३ वर आणल्यावर ७३.

दोन वाहिन्या जुन्या जागी नव्हत्या. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात आणि बदलत राहतात, त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी पूर्ण सर्च करावा. या बॉक्समध्ये सर्च केला की आवडत्या वाहिन्यांची यादी पुसली जाते. आधी कागदावर उतरवून घ्या.

११ मार्च: सूर्य

पुण्यात शेडबाहेर छत्री लावलेली असताना सकाळी सव्वाअकराच्या सुमारास क्वालिटी कोसळली आणि काही मिनिटांत परत आली. बिघाड नाही. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य पुण्यातून पाहताना बरोबर या उपग्रहाच्या मागून जातो आणि एलएनबीला त्याचाच गोंगाट ऐकू येतो. ऑक्टोबरात ही वेळ अकराच्या थोडी आधी येते. चार-पाच दिवस, रोज काही मिनिटे.

याच दिवसांचा उपयोग करून घेता येतो. त्या मिनिटाला छत्रीच्या जागी ऊन पडले असेल तर तिथून उपग्रह मोकळा दिसतो. सावली असेल तर जागा बदला. अंगणात किंवा नेहमीच्या मुक्कामाच्या जागी छत्रीची कायमची खूण करायची असेल तर याहून अचूक उपकरण नाही.

खर्च, टीव्ही सोडून: छत्री संच ७५०, बॉक्स ११५०, केबल ३००, कनेक्टर १५०, स्टँड १७००, पाइप आणि वेल्डिंग ३५०, अँगल मीटर ७००, फाइंडर ३५०, कन्व्हर्टर ९५०, जोडाची पेटी १८०, आणि सोबत ठेवलेली एक जादा एलएनबी २२०. एकूण ६८००. वाया गेलेले चुंबक धरले तर ८०००. फाइंडर वगळून आणि चुंबकांच्या वाटेला न जाता हेच काम ६४५० मध्ये होते. जादा एलएनबी मात्र वगळू नका; आडगावी तीच मिळत नाही, आणि तिच्यावाचून बाकी सगळे सामान नुसते पडून राहते.